आमच्या मावळातल्या मधमाश्या



मधमाशी हा एक कीटक आहे. तिला सहा पाय, चार पंख आणि पाच डोळे असतात. दोन डोळे मोठे आणि तीन अगदी बारीक, डोक्यावर. गुरुजींनी भिंग दिले तेव्हा आम्ही मेलेल्या माशीचे डोळे मोजून पाहिले. पाचच भरले.

आपल्या मावळात निरनिराळ्या मधमाश्या आहेत. सगळ्यांत मोठी आग्या. ती उंच झाडाला नाहीतर लोहगड-विसापूरसारख्या गडांच्या कड्याला एकच मोठे पोळे लावते. लांबून काळे सूप टांगल्यासारखे दिसते. दुसरी सातेरी. ती झाडाच्या ढोलीत, जुन्या भिंतीच्या भोकात राहते आणि एकाशेजारी एक अशी बरीच पोळी बांधते. सातेरी पेटीत पाळता येते, आग्या कुणाला पाळू देत नाही. तिसरी फुलोरी, ती लहान असते आणि झुडपात तळहाताएवढे पोळे करते.

पोळ्यात एक राणी असते. ती फक्त अंडी घालते. नर थोडे असतात. बाकी हजारो कामकरी माश्या, त्या सगळ्या माद्या. झाडलोट करणे, पिलांना भरवणे, मेण काढून सहा कोनांची घरे बांधणे, राखण करणे आणि शेवटी बाहेर जाऊन मध आणणे ही कामे त्या वयाप्रमाणे करतात. फुलांच्या दिवसांत कामकरी माशी सुमारे सहा आठवडेच जगते. तेवढ्यात एक लहान चमचासुद्धा मध तिच्याने भरत नाही. आम्ही घरी बोट बुडवून चाटतो तेव्हा हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

एका माशीला फुले सापडली की ती पोळ्यावर येऊन नाचते. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी फिरते आणि मधल्या रेघेवर अंग हलवते. त्यावरून बाकीच्यांना कळते की सूर्याच्या कोणत्या बाजूला आणि किती लांब जायचे. हे कोडे कार्ल फॉन फ्रिश नावाच्या शास्त्रज्ञांनी सोडवले. त्यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे मुख्य पीक भात. भाताला मधमाशी लागत नाही. त्याच्या फुलातले पराग त्याच फुलात पडतात, वाऱ्याने हलले तरी काम होते. म्हणून काही मोठी माणसे म्हणतात, “मोहळ गेलं तर आपलं काय जातंय?” पण नुसता भात कोण खातो? ताटात भोपळ्याची भाजी असते, काकडीची कोशिंबीर असते, खुरासणीची चटणी असते. खुरासणीचे तर असे आहे की, तिच्या फुलाला दुसऱ्या झाडाचे पराग लागतात, स्वतःचे चालत नाहीत. ते कोण आणणार? मधमाशी. पूर्वी डोंगरउतारावर खुरासणी पुष्कळ असायची, सगळा माळ पिवळा दिसायचा, असे आज्जी सांगते. आता पेरणारे थोडे राहिले. म्हणजे माशीचे खाणेही कमी झाले आणि आपली चटणीही.

भोपळ्याचे आम्ही शाळेच्या परसबागेत पाहिले. एकाच वेलाला दोन तऱ्हेची फुले येतात. नराचे फूल नुसत्या देठावर असते. मादीच्या फुलाखाली इवलासा भोपळा आधीच असतो. नराचे पराग जड आणि चिकट, ते वाऱ्याने उडत नाहीत. फूल पहाटे उमलते आणि दुपारपर्यंत मिटते. तेवढ्या वेळात माशी दोन्हीकडे गेली तर भोपळा धरतो, नाहीतर तो पिवळा पडून गळतो. यंदा आमचे पहिले पाच भोपळे असेच गळाले. आम्ही तीन दिवस पाळीपाळीने सकाळी वेलाजवळ बसलो. मुंग्या आल्या, फुलपाखरू आले, माशी एकच आली. मग गुरुजींनी नराचे फूल तोडून मादीच्या फुलात हलकेच फिरवायला शिकवले. ते जमते, पण शाळेला सुट्टी असली की फिरवणार कोण? माशीला रविवार नसतो.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीजवळच्या आंब्यावर आग्या मोहोळ होते. खाली लग्नाचा मांडव पडणार होता. पाहुण्यांना माश्या चावतील म्हणून रात्री कुणीतरी टायर पेटवून ते जाळले. भीती खोटी नव्हती. आग्या उठली तर माणसाचा जीवही जातो. ती डंख मारते तेव्हा पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि त्या वासाने बाकीच्या धावून येतात. पण सकाळी आम्ही पाहिले तर झाडाखाली मेलेल्या माश्यांचा थर पडला होता. पोळ्यातली पांढरी पिले कोंबड्या टिपत होत्या. मधही जळाला, कुणालाच मिळाला नाही. आज्जी म्हणाली, “आग्या पावसाच्या आदी आपसूक उठून जातीया. मांडव जरा पल्याड घातला असता तर काय बिघडलं असतं?” मला आज्जीचे म्हणणे पटते. मांडवाला जागा पुष्कळ होती.

माझ्या वर्गातल्या ठाकरवाडीच्या मुलाचे आजोबा मध काढतात. ते ओला पाला धुमसवून नुसता धूर करतात, जाळ करत नाहीत. आग्याचा मध पोळ्याच्या वरच्या कोपऱ्यात, फांदीजवळ असतो आणि पिले खाली असतात. ते मधाचा गड्डा तेवढा कापतात. पिलांचा भाग राहू दिला तर माश्या परत बसतात. सगळे पोळे पिळले तर मधात पिलांचा रस येतो, आणि असला मध लवकर आंबतो.

माश्या कमी होण्याची कारणे पुष्कळ आहेत. लोणावळ्याच्या बाजूने डोंगर सपाट करून बंगले आणि प्लॉट पडले. जांभूळ, हिरडा, गेळा ही झाडे गेली की मधही गेला. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते. त्या वर्षी माश्यांची दिवाळी असते, पण बाकीची वर्षे त्यांनी काय खायचे? (आज्जीच्या जुन्या घराचा कूड कारवीचाच आहे.) फेब्रुवारी-मार्चमध्ये वणवे लागतात त्यात झुडपांवरची पोळी होरपळतात. पॉलीहाऊसमध्ये गुलाब भरपूर, पण ते प्लॅस्टिकच्या आत, माशीला त्यांचा काय उपयोग? शिवाय औषध फवारणी. फुलावर बसलेली माशी औषधाने मरते, किंवा तिला घरची वाट सापडत नाही. युरोपात अशा तीन औषधांच्या उघड्या शेतातल्या वापरावर २०१८ साली बंदी घातली.

रोगही येतो. १९९१-९२ च्या सुमारास दक्षिण भारतात थाई सॅकब्रूड नावाच्या विषाणूने सातेरीच्या असंख्य वसाहती मेल्या. त्यात अळी पाण्याच्या पिशवीसारखी होऊन मरते. माणसाला त्यापासून काही होत नाही. अमेरिकेत २००६ साली तर पेट्यांतल्या कामकरी माश्या एकाएकी नाहीशा झाल्या, राणी आणि मध मात्र तिथेच.

चांगलेही चालले आहे. पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. तिथे मोठ्या माणसांना मधमाशा पाळायला शिकवतात. महाबळेश्वरजवळचे मांघर हे गाव २०२२ साली देशातले पहिले मधाचे गाव झाले. तिथे घरोघरी सातेरीच्या पेट्या आहेत. आपल्या डोंगरात आणि त्यांच्या डोंगरात फार फरक नाही, असे गुरुजी म्हणाले.

पालकांना एक विचारायचे होते. काकडी-भोपळ्याला औषध मारायचेच असेल तर सकाळऐवजी सूर्य मावळताना माराल का? तेव्हा फुले मिटलेली असतात आणि माश्या घरी गेलेल्या असतात. आणि शाळेमागच्या जुन्या भिंतीत सातेरीचे पोळे आहे. ती भिंत पाडायची आहे असे ऐकले. पाडण्याआधी मधपाळाला बोलावले तर तो पोळे काढून राणीसकट पेटीत बसवतो. पेटी परसबागेच्या कोपऱ्यात ठेवता येईल. जागा आम्ही साफ करून ठेवली आहे. मुंग्या चढू नयेत म्हणून पेटीच्या पायांखाली ठेवायला चार वाट्याही आणल्या आहेत, त्यांत पाणी घालायचे.

— इयत्ता चौथी