'पश्चात्ताप' आणि 'क्षमा' : ख्रिस्ती धर्मविचारातील दोन शब्द

मराठी ख्रिस्ती वाङ्मय वाचताना 'पश्चात्ताप' हा शब्द आपल्याला वारंवार भेटतो. त्याची फोड सोपी आहे : पश्चात् म्हणजे नंतर, ताप म्हणजे दाह. कृत्य घडून गेल्यावर होणारी मनाची होरपळ, असा त्याचा व्युत्पत्त्यर्थ होतो. नव्या कराराच्या ग्रीक संहितेत मात्र या जागी बहुधा 'मेटानोइया' येतो आणि त्यात ताप नाही. त्याचा अर्थ मन पालटणे. त्यामागील हिब्रू परंपरेतील 'शूब' हा धातू तर आणखी साधा आहे : मागे फिरणे, परतणे.

हा केवळ शब्दांचा कीस नव्हे. मत्तयकृत शुभवर्तमानात येशूला धरून देणारा यहूदा नंतर पस्तावतो, तीस नाणी मंदिरात टाकतो आणि गळफास घेतो. तेथे 'मेटामेलोमाई' (हळहळणे) हे वेगळे क्रियापद आहे. परंतु घाईने निष्कर्ष काढू नये. आधी नकार देऊन नंतर द्राक्षमळ्यात कामाला गेलेल्या मुलाविषयीही त्याच ग्रंथात हेच क्रियापद येते. भेद शब्दापेक्षा पुढच्या पावलात आहे. यहूदाच्या तापात खोट नव्हती; त्याने अपराध कबूलही केला, पण याजकांनी त्याला झिडकारले आणि तो एकटाच निघून गेला. येशूला तीनदा नाकारणारा पेत्रही त्याच रात्री ढसढसा रडला. तो मात्र शिष्यांत परतला.

लूककृत शुभवर्तमानातील जकातदार जक्कय याच्या कथेत तर अश्रूंचा उल्लेखच नाही. तो अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत देऊ करतो. येशूच्या डोंगरावरील प्रवचनातही, वेदीपाशी आलेल्या माणसाला, भावाच्या मनात तुझ्याविषयी काही असेल तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट कर, असे सांगितले आहे. दुखावलेल्या माणसाला वगळून परस्पर देवाकडे क्षमा मागण्याची सोय येथे ठेवलेली नाही. उत्तरपत्रिकांत 'पश्चात्ताप म्हणजे वाईट वाटणे' एवढेच लिहिले जाते, तेव्हा नेमका हाच भाग गळतो.

'क्षमा' शब्दाचा मूळ धातू 'क्षम्', म्हणजे सहन करणे. ग्रीक 'आफिएमी' म्हणजे सोडून देणे. कर्ज सोडतात तसे. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेच्या रूढ मराठी रूपात 'ऋण' आणि 'सोडणे' हेच शब्द आहेत. साधे मराठी क्रियापद येथे मूळ अर्थाच्या अधिक जवळ गेले आहे, असे मला वाटते.

स्वाध्याय : (1) 'चूक झाली' आणि 'मी चुकलो' या वाक्यांतील कर्त्याचे स्थान स्पष्ट करा. (2) लूककृत शुभवर्तमान, अध्याय 15 वाचा. धाकट्या मुलाने दूर देशी मनाशी ठरवलेले बोलणे आणि बापासमोर उच्चारलेले बोलणे ताडून पाहा. कोणते वाक्य बोलायचे राहून गेले, आणि बाप मध्येच बोलू लागल्याने काय घडले?