ओळख पटायला वेळ लागतो

पुण्याजवळच्या माणमध्ये मी सोळा वर्षं आशाताई म्हणून घरोघर फिरले. सुरुवातीला भातखाचरांच्या बांधावरून जायचे, पुढे त्याच जागी उभ्या राहिलेल्या टॉवरच्या लिफ्टमधून. बांधकामावरच्या पत्र्याच्या खोल्या तर नेहमीच्याच. सुई टोचायचं काम नर्सताईंचं. माझं काम यादी करणं, आयांना बोलावणं आणि मागाहून त्यांचे प्रश्न झेलणं. त्या प्रश्नांनी मला जे शिकवलं, ते लिहून ठेवते.

१. पैलवानालाही कांजिण्या होतात

आमच्या आळीतला एक पैलवान गडी. रोज पहाटे तालीम, वर दूध-बदाम. तिशीत त्याला पुतण्याकडून कांजिण्या लागल्या आणि पंधरा दिवस अंथरुणाला खिळला. त्याची उशापायथ्याशी बसणारी आई काडीसारखी, पण तिला एक फोड आला नाही. लहानपणीच तिला कांजिण्या होऊन गेल्या होत्या. तिच्या अंगाला तो विषाणू ठाऊक होता, लेकाच्या अंगाला नव्हता. प्रतिकार'शक्ती' या शब्दाने आपली फसगत होते. चांगलं खाणंपिणं, झोप हवीच. पण एखाद्या रोगाला अडवायला अंगाला त्याची ओळख लागते. ती बाटलीतल्या टॉनिकने होत नाही.

२. पहिली शिदोरी आईची

गाय व्याली की शेजारीपाजारी खरवस जायचा. पण सून बाळंत झाली की तिचं पहिलं पिवळं, घट्ट दूध पिळून टाकायचं. एका आजींना मी विचारलं, "वासराला चीक पाजता ना?"

"पाजावाच लागतो गं. नाहीतर दगावतं."

"मग नातवानं काय घोडं मारलंय?"

आजी गप्प झाल्या, पण त्या दिवशी बाळ आईच्या पदराखाली गेलं. वासराला गाईच्या पोटात रोगाला ओळखून अडवणारी प्रतिपिंडं मिळत नाहीत, सगळी चिकातून मिळतात. माणसाचं बाळ काही प्रतिपिंडं नाळेतून घेऊन येतं, आणि चिकातली त्याच्या आतड्याची राखण करतात. आईने आजवर ज्या रोगांना तोंड दिलं, त्यांची ही शिदोरी. ती काही महिन्यांत संपते. गोवराची लस नऊ महिने भरल्यावर देतात, त्याचं कारणही हेच. त्याआधी आईचीच प्रतिपिंडं लशीला कामाला लागू देत नाहीत.

३. ताप येणार, हे आधीच सांगावं

ही माझी चूक. दीड महिन्याच्या डोसला आया घाबरतात म्हणून मी सांगायचे, "काही होत नाही." रात्री बाळ फणफणायचं आणि अडीच महिन्याच्या डोसला ते घर दार उघडायचं नाही. एका बापाने तर रात्रपाळीहून परस्पर माझं दार गाठलं. "हसतंखेळतं पोर तापवलंत," म्हणाला. त्याचं खरं होतं. लशीतला अंश परका आहे हे पांढऱ्या पेशींनी ओळखलं की त्या निरोप धाडतात, मेंदू अंगाची उष्णता वाढवतो. ताप म्हणजे आत शिकवणी चालू असल्याची खूण. त्यानंतर मी उलट सांगू लागले: "आज रात्री ताप येईल, औषध नर्सताई सांगतील तेवढंच द्या, दोन दिवसांत उतरला नाही तर दवाखान्यात या." दारं उघडी राहू लागली.

४. दुसरा डोस म्हणजे उजळणी

कोविडची लस १६ जानेवारी २०२१ ला सुरू झाली आणि आरोग्याच्या कामातल्या माणसांचा नंबर पहिला लागला. कोविशील्ड तर आपल्या हडपसरचीच. दोन्ही डोस घेऊनही मला पुढे कोविड झाला. शेजारीण म्हणाली, "मग मिळवलंस काय?" मी म्हटलं, "चार दिवसांत चुलीपाशी उभी राहिले, ते." नव्या रोगाशी गाठ पडली की नेमकी प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे जातात, आणि तेवढ्यात रोग हातपाय पसरतो. लस ती पहिली गाठ आधीच घालून देते आणि दुसरा डोस उजळणी करून घेतो; मग रोग आला तर त्याची ओळख जपणाऱ्या स्मरणपेशी तयार असतात, म्हणून काम दिवसांत होतं. रक्तातली प्रतिपिंडं काही महिन्यांत ओसरतात, स्मरणपेशी त्यांच्या मागे टिकून राहतात. रोग उंबऱ्याच्या आत येतो, पण घर ताब्यात घेऊ शकत नाही.

५. गोवर आठवणी पुसतो

"गोवर एकदा निघून गेलेला बरा," असं जुनी माणसं म्हणतात. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीला गोवराने पोरं दगावली आणि मालेगावातही साथ पसरली, तेव्हा आम्ही यादी घेऊन पुन्हा घरोघर गेलो. गोवराचा विषाणू नेमका स्मरणपेशींवर हल्ला करतो. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या मुलांचं रक्त गोवराआधी आणि नंतर तपासलं, तर त्यांच्या इतर रोगांविरुद्धच्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशी झालेली आढळली. हा अभ्यास २०१९ चा. पुरळ जातं, पण पोराच्या अंगाला जुने रोग पुन्हा अनोळखी होतात.

६. कधी ओळख चुकते

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडीकडे माणसांचे हातपाय लुळे पडू लागले. जीबीएस, म्हणजे गियान-बारे सिंड्रोम, हे नाव तेव्हा घरोघरी पोहोचलं. अनेकांना त्याआधी जुलाब झाले होते, आणि काहींच्या तपासणीत दूषित पाण्या-अन्नातून येणारा कॅम्पिलोबॅक्टर जंतू सापडला. त्या जंतूच्या अंगावरचा काही भाग आपल्या मज्जातंतूंसारखा दिसतो. जंतूवर सोडलेली प्रतिपिंडं मग आपल्याच नसांवर तुटून पडतात. तेव्हापासून कुणी "इम्युनिटी वाढवायला काय घेऊ?" विचारलं की मी सांगते, "पाणी उकळून घ्या." नुसता जोर वाढून भागत नाही, नेम बरोबर हवा.

७. अंग लक्षात ठेवतं, पण सांगत नाही

बीसीजीचा दंडावरचा व्रण सोडला तर लशीची खूण सहसा अंगावर राहत नाही. बांधकामावरची कुटुंबं एक टॉवर झाला की दुसरीकडे जातात आणि पोराला काय टोचलं, काय राहिलं, कुणालाच सांगता येत नाही. म्हणून मी कार्डाच्या मागे लागायचे. एकदा मेट्रोच्या कामावरची एक बाई दोन वर्षांनी माणला परतली. मी कार्ड मागितलं तशी ती आत गेली, पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड काढून दिलं. "उंदीर इथपर्यंत पोचत नाही, दीदी." मी पीठ झटकलं. सगळे डोस वेळेवर झालेले होते, तीन वेगवेगळ्या गावांच्या शाईत.