वाहनाची बॅटरी : हमीचा हक्क आणि ग्राहकाची दक्षता

नांदेडच्या मोंढ्यातून माल घेऊन निघणारा टेम्पो असो, की लोहा, अहमदपूर, चाकूर या मार्गाने लातूरपर्यंत प्रवासी नेणारी जीप असो, तिच्या मालकाचा दिवस बॅटरीपासून सुरू होतो. सकाळी किल्ली फिरवूनही इंजिन सुरू झाले नाही, तर त्या दिवसाची कमाई बुडते. त्यातच हमीची मुदत शिल्लक असताना केवळ पावती सापडत नाही म्हणून नवी बॅटरी पदरचे पैसे घालून घ्यावी लागली, तर छोट्या वाहनधारकाच्या संसाराला ती तोशीस चांगलीच जाणवते. हमीचा दावा बॅटरी बंद पडल्यावर करावयाचा असला, तरी त्याचा पाया खरेदीच्या दिवशीच घातला जातो. ही गोष्ट प्रत्येक वाहनधारकाने लक्षात घेणे अगत्याचे आहे.

बॅटरी निकामी का होते?

शिसे व आम्ल यांवर चालणारी बॅटरी फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये तयार केली. मोटारीतील नेहमीची बॅटरी आजही त्याच तत्त्वावर चालते. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा घट असतात व प्रत्येक घट सुमारे २.१ व्होल्ट दाब देतो. शिशाच्या पट्ट्या सौम्य गंधकाम्लात बुडालेल्या असतात. बॅटरी वीज देऊ लागली की पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट जमते आणि ती भारित होऊ लागली की ते पुन्हा विरघळते. बॅटरी दीर्घकाळ उतरलेल्या स्थितीत राहिली, तर मात्र हे सल्फेट कठीण बनते. मग ती कितीही भारित केली, तरी पूर्वीची शक्ती परत येत नाही.

मराठवाड्यातील उन्हाळा हा बॅटरीचा मोठा शत्रू होय. नांदेड व लातूर या दोन्ही जिल्ह्यांत एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो, आणि इंजिनाजवळची उष्णता त्याहून अधिक असते. तापमान दहा अंशांनी वाढले की रासायनिक क्रियेचा वेग साधारणतः दुप्पट होतो. त्यामुळे पट्ट्यांची झीज वाढते, पाणी लवकर आटते आणि बॅटरीचे आयुष्य घटते.

पाण्याचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या भागात कूपनलिकेच्या पाण्याचा आधार अनेकांना घ्यावा लागतो. अशा पाण्यातील क्षार बॅटरीला अपायकारक असतात. ज्या बॅटरीला झाकणे आहेत, तिच्यात केवळ शुद्ध केलेले, म्हणजे डिस्टिल्ड, पाणीच घालावे. नळाचे किंवा कूपनलिकेचे पाणी घातल्याचे तपासणीत दिसून आल्यास हमी नाकारली जाण्याचा संभव असतो. आम्ल तर वरून कधीही घालू नये.

उतरलेली बॅटरी आणि बिघडलेली बॅटरी

हमीविषयीचे पुष्कळसे वाद या दोहोंतील फरक न समजल्यामुळे होतात. दिवे रात्रभर चालू राहिले, वाहन आठवडेच्या आठवडे उभे राहिले, किंवा अल्टरनेटर नीट काम करीत नसला, तर निर्दोष बॅटरीही उतरते. ती भारित केल्यावर पूर्ववत चालते. हमी मिळते ती बनावटीतील दोषाबद्दल. घटांमधील जोड तुटणे किंवा पट्ट्यांमधील विभाजक फाटून घट आतून जोडला जाणे, ही अशा दोषांची उदाहरणे होत.

म्हणूनच विक्रेता बॅटरी ठेवून घेतो, आधी ती भारित करतो आणि नंतर तपासतो. या कामास एक-दोन दिवस लागतात, आणि तेवढा अवधी देणे वाजवी आहे. पूर्ण भारित बॅटरी काही तास स्वस्थ ठेवल्यावर सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. आम्लाचे विशिष्ट गुरुत्व बनावटीनुसार १.२४ ते १.२८ च्या दरम्यान असते. पाच घटांचे गुरुत्व सारखे आणि सहाव्याचे ०.०५ ने किंवा त्याहून अधिक कमी आढळले, तर तो घट सदोष आहे, असे मानण्यास जागा असते. याशिवाय बॅटरीवर मोठा भार टाकून पंधरा सेकंदांत दाब किती घसरतो, हेही पाहिले जाते.

वाहनाची तपासणीही त्याच वेळी करून घ्यावी. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांशी साधारणतः १३.८ ते १४.५ व्होल्ट दाब मिळावयास हवा. तो याहून फार कमी असल्यास बॅटरी उपाशी राहते, आणि फार अधिक असल्यास तिच्यातील पाणी उकळून जाते. हा दोष दूर न करता नवी बॅटरी बसविली, तर तीही लवकरच निकामी होईल.

हमीपत्रातील बारकावे

पुष्कळ कंपन्यांची हमी दोन भागांत विभागलेली असते. पहिल्या भागात सदोष बॅटरी विनामूल्य बदलून मिळते. दुसऱ्या भागात वापराच्या काळानुसार किमतीत सूट मिळते व उरलेली रक्कम ग्राहकाने भरावयाची असते. अठ्ठेचाळीस महिन्यांची हमी म्हणजे अठ्ठेचाळीस महिने फुकट बदल, अशी समजूत करून घेणे योग्य नव्हे.

सवलतीचा हिशेबही तपासून घ्यावा. उदाहरणार्थ, छापील किंमत ६,००० रुपये असून हमीनुसार ३५ टक्के सूट मिळते, असे धरू. ग्राहकाला ३,९०० रुपये भरावे लागतील व जुनी बॅटरीही द्यावी लागेल. तीच नवी बॅटरी बाजारात ४,९०० रुपयांना मिळत असेल आणि जुनीचे ८०० रुपये वजा होत असतील, तर खर्च ४,१०० रुपये होतो. म्हणजे प्रत्यक्ष लाभ केवळ २०० रुपयांचा ठरतो. विनामूल्य बदलून मिळालेल्या बॅटरीला बहुधा मूळ हमीची उर्वरित मुदतच लागू असते. म्हणून पुढील मुदत किती, हे आधीच विचारून घ्यावे. खाजगी मोटारीसाठी दिलेली बॅटरी भाड्याच्या वाहनात बसविल्यास मुदत कमी होते किंवा हमी संपुष्टात येते, ही अटही अनेक हमीपत्रांत असते.

खरेदीच्या दिवशी काय करावे?

पावतीवर खरेदीची तारीख, बॅटरीचा प्रकार, तिच्यावरील अनुक्रमांक आणि वाहनाचा क्रमांक नोंदवून घ्यावा. हमीपत्रावर विक्रेत्याचा शिक्का व सही असावी. बॅटरी तयार झाल्याचा महिना पाहावा, कारण दुकानात पडून राहिलेली बॅटरी, विशेषतः उन्हाळ्यात, आपोआप उतरत जाते. पावतीची शाई कालांतराने पुसट होते, म्हणून तिची छायाप्रत अथवा छायाचित्र जपून ठेवावे. बॅटरीवरील अनुक्रमांक कधीही खरवडू नये. विकलेल्या मालाची पावती न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. तेव्हा पावती मागताना संकोच बाळगण्याचे कारण नाही.

दावा नाकारला गेल्यास

बॅटरी तपासणीस देताना तारखेसह पोच घ्यावी. तपासणीचा निष्कर्ष लेखी मागावा व त्यात प्रत्येक घटाचे गुरुत्व, व्होल्ट आणि नकाराचे कारण नमूद असावे. ‘बॅटरीत दोष नाही’ एवढ्या तोंडी उत्तरावर समाधान मानू नये. विक्रेत्याकडून दाद न लागल्यास उत्पादक कंपनीच्या सेवा विभागाकडे लेखी तक्रार करावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही मार्गदर्शन मिळते.

महाराष्ट्रात ग्राहक चळवळीची परंपरा जुनी आहे. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीचे कार्य सुरू केले. पुढे १९८६ मध्ये देशात ग्राहक संरक्षण कायदा संमत झाला आणि २० जुलै २०२० पासून त्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली. या कायद्यानुसार ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो, तेथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. त्यामुळे लोह्याच्या वाहनधारकाने नांदेडला आणि चाकूरच्या वाहनधारकाने लातूरला दाद मागावी. कंपनीचे मुख्य कार्यालय दूरच्या शहरात आहे, ही अडचण राहत नाही. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीस शुल्क नाही. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल करावी लागते. आवश्यकता वाटल्यास आयोग वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी करवून घेऊ शकतो. दोष सिद्ध झाल्यास वस्तू बदलून देण्याचा, किंमत परत करण्याचा किंवा भरपाईचा आदेश आयोगाला देता येतो.

येथे एक शंका उपस्थित होणे स्वाभाविक आहे. भाड्याची जीप चालविणारा हा व्यापारी नव्हे काय? कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून वस्तू घेऊन वापरणारी व्यक्ती ग्राहकच ठरते. स्वतःचे एकमेव वाहन स्वतः चालवून कुटुंब पोसणाऱ्याला हे संरक्षण लाभते. अनेक वाहने नफ्यासाठी चालविणाऱ्या व्यावसायिकाची गोष्ट मात्र निराळी आहे.

निकामी बॅटरी उघड्यावर फोडू नये, की तिच्यातील आम्ल नालीत ओतू नये. शिसे विषारी असल्याने २०२२ च्या नियमांनुसार टाकाऊ बॅटऱ्यांचे संकलन व पुनर्चक्रीकरण बंधनकारक करण्यात आले आहे. ती विक्रेत्याकडे किंवा अधिकृत संकलकाकडेच सोपवावी.

नियमित देखभाल, जपून ठेवलेली पावती आणि लेखी तपासणी अहवाल या तीन गोष्टी जवळ असतील, तर हमीपत्रातील शब्द प्रत्यक्षात उतरविणे सामान्य वाहनधारकालाही अवघड नाही. कायद्याने हक्क दिला आहे. तो बजावण्यासाठी लागणारा पुरावा मात्र ग्राहकाने पहिल्या दिवसापासूनच सांभाळावयाचा असतो.