रेल्वेच्या डिझेल इंजिनांची उत्सर्जन चाचणी : मोजमाप आणि अर्थकारण

रस्त्यावर धावणाऱ्या कोणत्याही नव्या मोटारीच्या प्रतिमानाला विक्रीपूर्वी केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ नुसार अधिकृत संस्थेकडून चाचणी करून घ्यावी लागते. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही अशा संस्थांपैकी एक. रेल्वेचे डिझेल इंजिन मात्र या व्यवस्थेबाहेर राहते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील 'मोटार वाहन' या संज्ञेच्या व्याख्येतूनच रुळांवर धावणारी वाहने वगळलेली आहेत. परिणामी 'भारत स्टेज' मानके एखाद्या लहान दुचाकीला लागू होतात, पण ४,००० अश्वशक्तीच्या रेल्वे इंजिनाला होत नाहीत. स्पर्धा परीक्षांच्या उत्तरपत्रिकांत हा भेद बहुधा निसटतो.

रेल्वे इंजिनांसाठी विनिर्देश ठरविणे आणि आद्य नमुन्याची चाचणी घेणे ही कामे लखनऊ येथील संशोधन, अभिकल्प आणि मानक संघटन, म्हणजेच आरडीएसओ, ही संस्था करते. १९५७ मध्ये स्थापन झालेली ही संस्था रेल्वे मंत्रालयाच्या अधीन आहे. इंजिनांचा मुख्य खरेदीदारही रेल्वेच. मानक ठरविणारा, तपासणारा आणि विकत घेणारा एकाच छत्राखाली असल्याने तांत्रिक समन्वय सुलभ होतो, हे खरे. परंतु प्रदूषणाची झळ सोसणारा, म्हणजे यार्डालगतच्या वस्तीतील रहिवासी, या व्यवहारात पक्षकार नसतो. अर्थशास्त्रात ज्याला बाह्य परिणाम म्हणतात, त्याचे हे सरळ उदाहरण होय. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये कोणत्याही स्रोताच्या उत्सर्जनाला मर्यादा घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे आणि डिझेल जनित्रसंचांसाठी तो वापरलाही गेला आहे.

प्रत्यक्ष चाचणीत इंजिन चाचणीमंचावर बसवून त्याची शक्ती कृत्रिम भारावर जिरविली जाते. धुरातील नायट्रोजन ऑक्साइडे, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन व सूक्ष्म कण मोजले जातात. हवेचे तापमान, दाब व आर्द्रता यांचीही नोंद आवश्यक असते, कारण नायट्रोजन ऑक्साइडांचे प्रमाण त्यांवर अवलंबून असते. मात्र निकाल ठरतो तो मुख्यतः भारांकांवर. आयएसओ ८१७८ या आंतरराष्ट्रीय मानकातील रेल्वेसाठीच्या 'एफ' चक्रात पूर्ण भाराला २५ टक्के, अर्ध्या भाराला १५ टक्के आणि विनाभार अवस्थेला, म्हणजे इंजिन नुसते सुरू ठेवण्याला, ६० टक्के भारांक आहे. किंमत निर्देशांकात वस्तूंचे भारांक बदलले की महागाईचा दर बदलतो. येथेही तसेच घडते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एक इंजिन पूर्ण भारावर ३,००० किलोवॅट शक्ती देताना ताशी २४ किलोग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडे सोडते. अर्ध्या भारावर १,५०० किलोवॅटला १५ किलोग्रॅम. आणि विनाभार अवस्थेत शक्ती शून्य, उत्सर्जन १ किलोग्रॅम. 'एफ' चक्रानुसार भारित उत्सर्जन ८.८५ किलोग्रॅम व भारित शक्ती ९७५ किलोवॅट येते. भागाकार सुमारे ९.१ ग्रॅम प्रति किलोवॅट-तास. आता हेच इंजिन ८० टक्के वेळ विनाभार आणि उरलेल्या दोन अवस्थांत प्रत्येकी १० टक्के वेळ चालले, तर आकडा सुमारे १०.४ होतो. मर्यादा ९.५ असेल, तर इंजिन कागदावर उत्तीर्ण आणि यार्डात अनुत्तीर्ण! अमेरिकेने म्हणूनच दोन स्वतंत्र चक्रे ठरविली. लांब पल्ल्याच्या चक्रात विनाभार अवस्थेचा वाटा ३८ टक्के व सर्वोच्च नॉचचा १६.२ टक्के आहे, तर शंटिंगच्या चक्रात तेच वाटे ५९.८ व ०.८ टक्के आहेत.

मर्यादा पाळण्याची किंमतही असते. इंधनाचे अंतःक्षेपण थोडे विलंबाने केले की ज्वलनाचे तापमान उतरते व नायट्रोजन ऑक्साइडे घटतात. पण डिझेल अधिक लागते आणि काजळीही वाढू शकते. इंधनखर्च रेल्वेच्या हिशेबात लगेच दिसतो, आरोग्यावरील खर्च कोणाच्याच खतावणीत दिसत नाही. दोन्ही बाजूंनी लाभ देणारा उपाय विरळाच. सहायक शक्तिसंच हा त्यांपैकी एक : ब्रेकसाठी हवेचा दाब आणि बॅटरीचा भार राखण्याचे काम छोटे इंजिन करते, मुख्य इंजिन बंद ठेवता येते.

डिझेल इंजिनाचे विहित आयुर्मान भारतात ३६ वर्षे धरले जाते. त्यामुळे केवळ नव्या इंजिनांना मानके लावली, तर परिणाम दिसायला एक पिढी जाते. अमेरिकेने १९९८ च्या नियमावलीत ही अडचण ओळखली आणि १९७३ पासून बनलेली इंजिने पुनर्बांधणीच्या वेळी मर्यादेच्या कक्षेत आणली. भारतातही पतियाळा येथील कारखान्यात २,६०० अश्वशक्तीच्या जुन्या इंजिनांची पुनर्बांधणी करून ती ३,१०० अश्वशक्तीची करण्यात आली. पुनर्बांधणीचा असा टप्पा हीच उत्सर्जन मान्यतेचीही स्वाभाविक वेळ असते.

ब्रॉडगेज मार्गांचे विद्युतीकरण आता जवळपास पूर्ण झाले असताना हा विषय कालबाह्य ठरत नाही का, असा प्रश्न मुलाखतीत येऊ शकतो. मुख्य मार्गावरील डिझेलचा वापर घटला, हे निर्विवाद. परंतु शंटिंग, आपत्कालीन राखीव इंजिने आणि रुळांच्या देखभालीची यंत्रे यांत डिझेल अद्याप आहे. ही कामे बहुधा कमी भाराची, शिवाय शहरांतील यार्डांमध्ये चालणारी. म्हणजे वरील उदाहरणातील १०.४ च्या बाजूची. दुसरीकडे, बिहारमधील मढौरा येथील कारखान्यातून जून २०२५ मध्ये गिनी या देशासाठी डिझेल इंजिनाची निर्यात सुरू झाली. परदेशी ग्राहक कोणत्या चक्रावर मोजलेला आकडा मागतो, हे तेथे करारातच ठरते.