कोणी पाहत नसताना चालणारा संगणक

खानापूर तालुक्यात आमच्या गावी दूध थंड करण्याची टाकी आहे. दूध ४ अंशांवर राहते की नाही, याची नोंद ठेवायला मी तिथे रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक बसवला. इंटरनेट नाही, वीज बेभरवशाची, रात्री माणूस नाही.

मुख्य प्रश्न घड्याळाचा. या संगणकात बॅटरीवरचे घड्याळ नसते. वेळ तो इंटरनेटवरून घेतो. वीज जाऊन आली की तो मागे पडतो. दूध नासले तर कोणाच्या पाळीत, हे नोंदीवरूनच ठरणार. आणि तारीख चुकलेली रोजकीर्द कोणता हिशेबतपासनीस मानील? म्हणून डीएस३२३१ हे छोटे घड्याळ जोडले. त्याची चूक दहा लाखांत दोन, म्हणजे वर्षाला सुमारे एक मिनिट.

लिहिताना वीज गेली तर मेमरी कार्ड बिघडू शकते. म्हणून कार्ड केवळ वाचण्यापुरते ठेवले, नोंदी पेनड्राइव्हवर. तो बिघडला तर नोंदी जातील, पण यंत्र चालू राहील. यंत्रच गोठले तर आतला ‘वॉचडॉग’ सुमारे १५ सेकंदांत ते पुन्हा सुरू करतो. तापमापकाची तार निघाली, तर मात्र पुन्हा सुरू करून काय उपयोग? त्यासाठी दाराशी तांबडा दिवा लावला. पहाटे दूध घालायला येणाऱ्याला तो दिसतो.