मार खाणे म्हणजे क्रूस वाहणे नव्हे



“बाई, हा तुझा क्रूस आहे, सहन कर.” मार खाऊन माहेरी आलेल्या लेकीला असे समजावून आपण कितीदा परत पाठवतो! विवाह हा संस्कार आहे, संसार मोडू नये ही आपली तळमळ खरी. पण प्रभूने आपल्यासाठी स्वखुशीने उचललेला क्रूस आणि दारू पिऊन उगारलेला हात या दोन गोष्टी एक नव्हेत.

ख्रिस्तसभा काय सांगते?

ख्रिस्ताने ख्रिस्तसभेवर केली तशी प्रीती पतीने पत्नीवर करावी, असे संत पौल इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात शिकवतो. स्त्रीला मारणे हे पौरुष नसून भेकडपणा आहे, असे पोप फ्रान्सिस यांनी 2016 साली कुटुंबावरील आपल्या पत्रात बजावले. ख्रिस्तसभेच्या कायद्याचे कलम 1153 म्हणते, की जोडीदारामुळे शरीराला वा आत्म्याला गंभीर धोका असेल तर वेगळे राहण्यास रास्त कारण आहे. त्यासाठी बिशपांचा निर्णय घ्यावा. पण थांबणे धोक्याचे असेल तर तिने स्वतःहून निघावे. याने विवाहबंधन तुटत नाही. केवळ वेगळी राहते म्हणून तिला पवित्र कम्युनियन नाकारले जात नाही.

देशाचा कायदा काय देतो?

कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा 2005 चा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. मारहाणच नव्हे, तर शिवीगाळ, लैंगिक छळ व घरखर्च अडवणे हीदेखील हिंसाच आहे.

1. घर तिच्या नावावर नसले तरी राहत्या घरातून तिला बेकायदा हुसकावता येत नाही.
2. संरक्षण अधिकारी तिची तक्रार लिहून घेतो व न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करण्यास मदत करतो. पहिली सुनावणी साधारणपणे 3 दिवसांत ठेवावी, असे कायदा सांगतो.
3. न्यायालय तिचा व मुलांचा खर्च, औषधोपचार व नुकसानभरपाई देण्याचा आदेश पतीला देऊ शकते.

पैसा कुठून आणायचा?

हाच प्रश्न अनेकींना उंबरठ्यावर अडवतो. 1987 च्या विधी सेवा कायद्यानुसार स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी वकील-मदत मोफत मिळते; त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. 2015 पासून सुरू झालेल्या ‘सखी’ केंद्रांत उपचारासाठी मदत, समुपदेशन, पोलीस व कायद्याचे साहाय्य आणि काही दिवसांचा निवारा एका छताखाली मिळतो. ही केंद्रे केंद्र सरकारच्या निर्भया निधीतून चालतात. म्हणजे ही भीक नव्हे, तिचा हक्क आहे. महिलांसाठी 181 आणि तातडीच्या वेळी 112 हे क्रमांक घरोघरी लिहून ठेवावेत.

आपण काय करावे?

शेजारच्या घरातून किंकाळी ऐकू आली, की आपण खिडकी लावून घेतो. हिंसाचार होत असल्याची खबर संरक्षण अधिकाऱ्याला कोणीही देऊ शकते. सद्‌हेतूने खबर देणाऱ्यावर कायदा दोष ठेवत नाही. लेक दारात आली, तर आधी तिला आत घ्यावे, जेवू घालावे, तिचे ऐकावे. समेटाची बोलणी ती सुरक्षित झाल्यावर, आणि तिची इच्छा असेल तरच.

समूहात चर्चेसाठी: आपल्या विभागात अशी भगिनी कोणाकडे विश्वासाने जाऊ शकेल? ती व्यक्ती आपण होऊ का?