इंडिकेटर का रुसला?



रहिमतपूरला माझे मामा राहतात. शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. सारे गाव त्यांना गुरुजी म्हणते. त्यांच्या घराशेजारच्या छपरात दुधी रंगाची एक प्रीमियर पद्मिनी मोटार उभी असते. सोलापूरचे उद्योजक वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या, मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार होई. आराखडा मूळचा इटलीतील फियाट कंपनीचा. म्हणून जुनी माणसे तिला अजून ‘फियाट’च म्हणतात. मुंबईत एके काळी काळीपिवळी टॅक्सी म्हटली की हीच गाडी डोळ्यांसमोर येई. त्यांतली शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून गेली.

तर या गाडीला मामांनी एलईडीचे बल्ब बसवून घेतले. प्रकाश जास्त, बॅटरीवर ताण कमी, आणि बल्ब वर्षानुवर्षे जात नाही, हे सारे खरेच आहे. त्यानंतर चारच दिवसांनी, उसाच्या हंगामात, मामा संध्याकाळचे कोरेगावहून परत येत होते. मागे दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर. मामांनी उजवीकडे वळण्यासाठी इंडिकेटर लावला आणि गाडी वळवली. मागून कर्णकर्कश हॉर्न ऐकू आला, ट्रॅक्टर रस्त्याखाली उतरला, उसाच्या चार मोळ्या रस्त्यावर पडल्या. कोणाला लागले नाही, एवढे नशीब. ट्रॅक्टरवाला खाली उतरून म्हणाला, “अवो गुरुजी, निदान हात तरी दाखवायचा!”

मामा म्हणाले, “अरे, इंडिकेटर लावला होता की!”

दोघेही खरे बोलत होते. इंडिकेटर लागला होता, पण तो मिचकत नव्हता. नुसता जळत राहिला होता. अंधारात एक स्थिर पिवळा दिवा पाहून मागच्याने काय समजावे?

आता प्रश्न असा की, बल्ब नवा, वायर जुनीच, मग मिचकणे का थांबले? याचे उत्तर बल्बमध्ये नाही. बल्ब स्वतः कधीच मिचकत नाही. त्याला मिचकावणारी एक वेगळी वस्तू असते. मिस्त्री लोक तिला ‘फ्लॅशरची डबी’ म्हणतात. अंगठ्याएवढी, पत्र्याची. वळताना जो टिक-टिक आवाज येतो तो या डबीचा. (हल्लीच्या अनेक गाड्यांत हा आवाज चक्क स्पीकरमधून काढतात. लोकांना सवय झाली आहे ना!)

डबीत काय असते ते समजून घ्या. जुन्या प्रकारच्या डबीत धातूची एक पातळ पट्टी असते. बॅटरीतून निघालेला प्रवाह या पट्टीतूनच इंडिकेटरच्या दिव्यांकडे जातो. प्रवाह वाहू लागला की पट्टी तापते. तापली की प्रसरण पावते, वाकते आणि संपर्क तोडते. दिवे विझतात. प्रवाह थांबल्याने पट्टी थंड होते, पूर्ववत होते, पुन्हा संपर्क जुळतो. दिवे लागतात. तापणे आणि निवणे, एवढ्यावरच सारा खेळ. काही डब्यांत पट्टीऐवजी तार असते व क्रम थोडा उलटा असतो, पण तत्त्व तेच.

म्हणजे पट्टी किती तापते यावर सारे अवलंबून. आणि वाहकात निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हा जूलचा नियम तुम्ही शाळेत शिकला आहात किंवा शिकाल. जरा हिशेब करू. इंडिकेटरचा जुना तंतूचा बल्ब २१ वॅटचा असतो. पुढचा एक आणि मागचा एक मिळून ४२ वॅट. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. ४२ भागिले १२, म्हणजे प्रवाह साडेतीन अँपिअर. आता एलईडीचा बल्ब घ्या. तो सुमारे अडीच वॅटचा. दोन मिळून ५ वॅट, प्रवाह ०.४२ अँपिअर. प्रवाह सुमारे आठपटींनी घटला. पण उष्णता? ती वर्गाने घटणार! म्हणजे जवळजवळ सत्तरावा हिस्सा. एवढ्याशा उबेने पट्टी कशी वाकणार? ती आपली संपर्क धरून बसून राहते आणि दिवा जळत राहतो.

या डबीचा एक गुण मात्र सांगितलाच पाहिजे. पूर्वी एक बल्ब गेला की प्रवाह निम्मा होई, उष्णता चौथाई होई, आणि मिचकणे बिघडे. चालकाला बसल्या जागी कळे की मागे काहीतरी गेले आहे. वेगळा तपासनीस नेमायची गरज नाही! नंतरच्या काळातल्या अनेक इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरमध्येही प्रवाह मोजण्याची सोय असते. तेथे प्रवाह कमी पडला की इंडिकेटर दुप्पट घाईने मिचकू लागतो. म्हणून एलईडी बसवल्यावर कोणाच्या गाडीत दिवा मिचकतच नाही, तर कोणाच्या गाडीत भलत्याच वेगाने मिचकतो. लक्षणे उलटी, कारण एकच.

मामांच्या मिस्त्रीने पहिला उपाय केला तो असा. एलईडीला समांतर एक रोध जोडला. ६ ओहमचा रोध १२ व्होल्टला २ अँपिअर प्रवाह घेतो, म्हणजे जुन्या बल्बपेक्षा थोडा जास्तच. पट्टी पुन्हा तापू लागली, टिक-टिक सुरू झाली. पण इंजिन चालू असताना दाब १४ व्होल्टपर्यंत चढतो. तेव्हा हा रोध पेटलेला असताना ३२ वॅटहून अधिक उष्णता बाहेर टाकतो. मामांनी हात लावून पाहिला आणि चटका बसला. असा रोध बसवायचाच तर तो धातूच्या पत्र्यावर घट्ट बसवावा, वायरच्या जुडग्यात किंवा प्लास्टिकजवळ कधीही नको. मला विचाराल तर हा उपाय म्हणजे काटकसरी पाहुणा घरी आणून त्याच्या वाटचे जेवण रोज उकिरड्यावर टाकण्यासारखा आहे. वीज वाचवायला एलईडी आणला, आणि वाचलेली वीज रोधात जाळली!

खरा उपाय डबी बदलण्याचा. प्रवाहावर मुळीच अवलंबून नसलेला इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बाजारात मिळतो. त्यात पट्टी तापत नाही. संधारित्र रोधातून भरतो आणि रिकामा होतो, आणि त्या वेळाने ताल ठरतो. असा ताल देणारा प्रसिद्ध तुकडा म्हणजे ५५५ क्रमांकाचे आयसी. हान्स कामेंझिंड यांनी त्याची रचना केली आणि १९७२ साली ते बाजारात आले. त्याचे गणित सोपे आहे. पहिला रोध अधिक दुसऱ्या रोधाची दुप्पट, गुणिले संधारित्राची धारिता, गुणिले ०.६९३. उत्तर सेकंदात. १० किलोओहम, ४७ किलोओहम आणि १० मायक्रोफॅरड घेऊन करून पहा. ०.७२ सेकंद येते, म्हणजे मिनिटाला सुमारे ८३ वेळा. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे इंडिकेटर मिनिटाला ६० पेक्षा कमी नाही आणि १२० पेक्षा जास्त नाही इतक्या वेळा मिचकला पाहिजे. तेव्हा ८३ अगदी योग्य.

जुन्या डबीला बहुधा दोन टोके असतात. इलेक्ट्रॉनिक डबीला पुष्कळदा तिसरे लागते, ते गाडीच्या पत्र्याला, म्हणजे अर्थला जोडायचे. हे तिसरे टोक मोकळे ठेवून ‘नवी डबीही खराब निघाली’ म्हणणारे मी पाहिले आहेत. शिवाय जुन्या गाडीत दिव्याच्या बैठकीला गंज चढलेला असतो. तो घासून काढावा.

आणखी एक गंमत. काही जुन्या गाड्यांत डावी-उजवी मिळून चालकासमोर एकच सूचक दिवा असतो, आणि तो दोन्ही बाजूंच्या वायरींच्या मध्ये जोडलेला असतो. डावा इंडिकेटर लावला की सूचक दिव्याचा प्रवाह उजव्या बल्बांतून अर्थकडे जातो. पूर्वी त्या थंड तंतूंचा रोध नगण्य असल्याने ते पेटत नसत. एलईडीला मात्र तेवढाच प्रवाह पुरतो! मग चारही दिवे एकदम मिचकतात, आणि मागच्याला कळत नाही हा डावीकडे जाणार की उजवीकडे. यावर तोड म्हणजे सूचक दिव्याचे एक टोक अर्थला जोडायचे आणि दुसऱ्या टोकाला दोन्ही बाजूंच्या वायरी एकेका डायोडमधून आणायच्या. डायोड प्रवाह एकाच दिशेने जाऊ देतो, त्यामुळे डावीकडचा प्रवाह उजवीकडे शिरत नाही.

रंगाचेही पहा. पिवळ्या काचेमागे पांढरा एलईडी लावला तर काच त्यातला निळा भाग अडवते आणि प्रकाश फिका पडतो. पिवळाच एलईडी घ्यावा.

मामांनी डबी बदलली. आता एक काम तुमच्यासाठी. एसटी स्टँडवर उभे राहा, वळणाऱ्या गाडीचा इंडिकेटर घड्याळ लावून अर्धा मिनिट मोजा आणि दुप्पट करा. दहा गाड्यांची नोंद वहीत करा. ६० ते १२० च्या बाहेर एखादी सापडली, तर तिच्यात काय बिघडले असेल ते आता तुम्ही सांगू शकाल. मामांच्या पद्मिनीचा आकडा ८६ आला. उसाच्या हंगामात मात्र ते अजून खिडकीतून हातही बाहेर काढतात.